अपंगांचे मनःस्वास्थ्य आणि आपले कर्तव्य

(बुद्धविहारात नवदीक्षित उपासक-उपासिकांपुढे एका वकिलांनी दिलेले व्याख्यान)



वकिलाला व्याख्यानास बोलावले म्हणजे तो जमिनीच्या वहिवाटीविषयी, जातीच्या दाखल्याविषयी अगर अत्याचार प्रतिबंधक कायद्याविषयी बोलणार, अशी श्रोत्यांची अपेक्षा असते. आज मी निराळा विषय घेतला आहे. तो आपल्या घरातील अशा माणसांचा आहे की, जी बहुधा या सभेस आलेली नाहीत. आपण आपल्या मनाशी हिशेब करा. घरातून निघताना आपण कोणाला मागे ठेवून आलात? दृष्टी गेलेला भाऊ, पाय गमावलेला चुलता, ऐकू न येणारी मुलगी, मनाचा आजार जडलेला तरुण मुलगा, यांपैकी कोणी घरी राहिले आहे काय? आणि ते आपल्या इच्छेने राहिले, की त्यांना कोणी विचारलेच नाही म्हणून राहिले?

या माणसांच्या शरीराविषयी आपण थोडेबहुत बोलतो. औषधाचे, ऑपरेशनचे, काठीचे, खुर्चीचे बोलतो. त्यांच्या मनाविषयी आपण बोलत नाही. मला आज एकच गोष्ट आपणापुढे मांडावयाची आहे. अपंग माणसाच्या मनावर जो ताण पडतो, त्यातील फार मोठा भाग त्याच्या व्यंगामुळे पडत नसून त्याच्याशी होणाऱ्या वागणुकीमुळे पडतो. जे वागणुकीने उत्पन्न होते ते वागणूक बदलून कमी करता येते. म्हणून हा प्रश्न केवळ डॉक्टरांचा नाही. तो आपला आहे, आणि कायद्याचाही आहे.

प्रथम शब्दाचा खुलासा करतो. कायद्याच्या मराठी नावात 'दिव्यांग' हा शब्द आहे. कित्येक अपंग कार्यकर्त्यांना तो रुचत नाही. आमच्या अंगात दिव्यत्व शोधण्यापेक्षा कचेरीच्या पायऱ्यांशेजारी उतार बांधा, असे त्यांचे म्हणणे आहे. मी रूढ असलेला 'अपंग' हा शब्द वापरणार आहे. परंतु ज्या व्यक्तीविषयी आपण बोलता तिला जो शब्द मान्य असेल तोच आपण वापरावा, अशी माझी विनंती आहे.

आपल्यात ही माणसे किती?

२०११ च्या जनगणनेत भारतातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदली गेली. लोकसंख्येशी हे प्रमाण २.२१ टक्के होते. याच जनगणनेत अनुसूचित जातींमधील प्रमाण २.४५ टक्के, म्हणजे देशाच्या सरासरीपेक्षा अधिक, दिसून आले. ज्याने आपल्या वस्त्या पाहिल्या आहेत त्यास या आकड्याचे आश्चर्य वाटणार नाही. गरोदरपणी पोटभर अन्न नाही, बाळंतपणास वेळेवर दवाखाना नाही, तापाने फणफणलेल्या मुलास उपचार नाही, आणि मोठेपणी काम मिळाले तर ते गटारात, दगडखाणीत, बांधकामाच्या परातीवर अगर सुरक्षेची साधने नसलेल्या यंत्रावर, अशी आपल्या माणसांची स्थिती पिढ्यान्‌पिढ्या होती आणि अनेक ठिकाणी आजही आहे. तेव्हा अपंगत्व हा आपल्याकडे केवळ दैवाचा अपघात नाही. तो पुष्कळ अंशी दारिद्र्याचा परिणाम आहे, आणि दारिद्र्य कोणाच्या वाट्यास का आले हे आपणास नव्याने सांगावयास नको.

आता मनाचा आकडा पाहा. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने २०१८ सालची जी पाहणी प्रसिद्ध केली, तीत प्रौढ अपंगांपैकी ३२.९ टक्के लोकांनी सांगितले की, महिन्याच्या तीस दिवसांपैकी चौदा अगर अधिक दिवस आपले मन ठीक नव्हते. अपंगत्व नसलेल्यांच्या मानाने हे प्रमाण साडेचार पटींहून अधिक होते. जेथे इमारतींना उतार आहेत, बसगाड्यांत चाकाची खुर्ची चढते, तेथे दर तीन अपंगांमागे जवळजवळ एकाची ही अवस्था असेल, तर जेथे यांपैकी काहीच नाही तेथे आपल्या माणसांच्या मनावर काय बोजा असेल, याचा विचार आपणच करावा.

दोन बाण

संयुत्तनिकायात भगवान बुद्धांनी बाणाचा एक दृष्टान्त दिला आहे. माणसास एक बाण लागतो. ती शरीराची वेदना. अशिक्षित मनाचा मनुष्य त्या वेदनेवर शोक करतो, आणि तो शोक म्हणजे जणू त्याच जागी लागलेला दुसरा बाण. ज्याने मनास शिकवण दिली आहे, त्यास पहिला बाण लागतो, दुसरा लागत नाही.

हा उपदेश खरा आहे. दुखणाइताने, अपंगाने आपले मन जपण्यास शिकावे, हे योग्यच. परंतु या दृष्टान्ताचा आधार घेऊन अपंगास 'तूच मन घट्ट कर' असे सांगून आपण मोकळे होऊ लागलो, तर तो त्या उपदेशाचा विपर्यास होईल. कारण अपंग माणसास लागणारा दुसरा बाण पुष्कळदा त्याच्या स्वतःच्या मनातून निघत नाही. तो बाहेरून येतो, आणि रोज येतो. तो कोणाकोणाच्या हातून सुटतो, हे आपण क्रमाने पाहू.

पहिला हात शब्दाचा. एक पाय अधू असलेल्या मुलास त्याच्या नावाने हाक मारणारे किती आणि 'लंगड्या' म्हणून हाक मारणारे किती? ऐकू न येणारा तो 'बहिऱ्या', एका डोळ्याने पाहणारा तो 'काण्या', मनाच्या आजाराचा तो 'येडा'. आपण म्हणाल, यात द्वेष नाही, ही गावची रीत आहे. बंधूंनो, गावाच्या रीतीचा हा युक्तिवाद आपल्या आजापणजांनी पुष्कळ ऐकला आहे. माणसाचे नाव पुसून त्याच्या जागी जात लावून हाक मारण्याची रीत होती, तेव्हा हाक मारणाराही द्वेषाने नव्हे, सवयीनेच मारीत होता. ज्याने ती हाक ऐकली त्यास ती कशी लागली, हे ज्या समाजास ठाऊक आहे, त्या समाजाने आपल्याच घरात तशी हाक मारावी, यासारखी विसंगती नाही.

दुसरा हात पूर्वकर्माचा. मूल व्यंग घेऊन जन्मास आले की, 'मागल्या जन्मीचे पाप' हा शब्द कोणीतरी उच्चारतोच. तो आईच्या मनात रुतून बसतो, आणि मूल मोठे झाले की त्याच्याही मनात. दीक्षा घेतलेल्या घरातही मी हे ऐकतो. मागील जन्मीच्या कर्मामुळे माणूस अमुक स्थितीत जन्मतो, हा सिद्धान्त बाबासाहेबांनी आपल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या मूळ इंग्रजी ग्रंथात नाकारला आहे. अशा सिद्धान्ताने समाज आणि राज्य दीनदुबळ्यांच्या स्थितीच्या जबाबदारीतून सुटून जातात, हा त्यांचा आक्षेप होता. अस्पृश्यतेस लावलेले पूर्वजन्माचे कारण आपण फेकून दिले. मग तेच कारण आंधळ्या मुलीच्या कपाळी आपण कोणत्या अधिकाराने लावतो?

तिसरा हात दयेचा. दया वाईट नाही. परंतु जी दया माणसास विचारीत नाही ती त्यास लहान करते. अपंग मुलाच्या वतीने आपण उत्तरे देतो. त्याच्या विवाहाचे, शिक्षणाचे, पैशाचे निर्णय त्याच्यासमोर पण त्यास वगळून घेतो. पाहुण्यांसमोर 'आमच्यामागे याचे कसे होणार' असे बोलतो, आणि तो ते ऐकत असतो. रोज असे ऐकणाऱ्या माणसाच्या मनात 'मी सर्वांस ओझे आहे' हा विचार घर करतो. मनोविकारतज्ज्ञ या विचारास अत्यंत धोक्याचा मानतात. कारण जीव देण्याच्या विचाराशी त्याचा निकटचा संबंध असतो.

चौथा हात दगडविटांचा. पायऱ्या, उंच ओटा, अरुंद दार, शौचालयाची दूरची वाट. चालता न येणाऱ्या कित्येक स्त्रिया दिवसा पाणी कमी पितात. कारण शौचास नेण्याकरिता कोणाला तरी हाक मारावी लागते, आणि हाक मारण्याची लाज वाटते. या तहानेची नोंद कोणत्याही दप्तरात होत नाही. पण जी स्त्री पाणी पिण्यापूर्वी रोज असा विचार करते, तिच्या मनास विसावा कोठून मिळणार?

पाचवा हात कागदाचा. अपंगत्वाच्या दाखल्याकरिता जिल्ह्याच्या इस्पितळात खेपा, एका खेपेस डॉक्टर नाहीत, दुसऱ्या खेपेस यंत्र बंद, तिसऱ्या खेपेस आधार कार्डावरील नाव जुळत नाही. प्रत्येक खेपेस एक दिवसाची मजुरी जाते, आणि बरोबर येणाऱ्या माणसाचीही जाते. शेवटी अपंग मनुष्यच म्हणतो की, राहू द्या, मला काही नको. त्याचे हे म्हणणे आपण समाधान समजतो. वास्तविक ती हार असते.

मोजलेला हात आणि न मोजलेले मन

माझ्याकडे काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातील कामगाराचा दावा होता. पत्रा दाबण्याच्या यंत्रात त्याचा उजवा पंजा गेला. त्या वेळी अशा दाव्यांस १९२३ चा नुकसानभरपाईचा कायदा लागू होता. त्या कायद्याच्या अनुसूचीत शरीराच्या अवयवांचा तक्ता होता. अंगठा गेल्यास कमावण्याच्या शक्तीची हानी ३० टक्के, पंजा गेल्यास ६० टक्के, असे त्यात लिहिलेले होते. तक्त्याप्रमाणे हिशेब झाला, रक्कम मिळाली आणि कायद्याच्या दृष्टीने प्रकरण संपले.

त्याच्या घरात ते संपले नव्हते. त्याची पत्नी मला सांगत होती की, त्यास रात्री झोप लागत नाही. यंत्राचा आवाज ऐकू येतो म्हणून तो दचकून उठतो. पूर्वी पोरांशी खेळणारा माणूस आता भिंतीकडे तोंड करून बसतो. जेवताना डाव्या हाताने घास सांडतो म्हणून तो इतरांबरोबर जेवत नाही. इस्पितळात त्याची जखम भरेपर्यंत सर्व उपचार झाले होते. मन कसे आहे, हे त्यास कोणीही एकदाही विचारले नव्हते. नातेवाइकांचा समज असा की, हात गेल्यावर माणूस असाच राहणार. मी त्या बाईंना जिल्हा इस्पितळातील मनोविकार विभागाची वाट दाखविली. औषधे आणि डॉक्टरांशी बोलणे, अशा दोन्ही उपायांनी काही महिन्यांत त्याची झोप परत आली. हात परत आला नाही. पण पुढे तो डाव्या हाताने लिहावयास शिकला आणि एका गोदामात नोंदी ठेवण्याच्या कामास लागला.

ही हकीकत सांगण्याचे कारण इतकेच की, 'अपंग आहे म्हणून उदास आहे' हे वाक्य पुष्कळदा रोगाचे निदान होऊ देत नाही. उदासीनतेचा आजार अपंगासही इतरांसारखाच होतो आणि त्याच्यावरही इतरांसारखाच उपचार चालतो. व्यंग कायमचे असले म्हणून दुःख कायमचे असलेच पाहिजे, असा नियम नाही.

खुणा ओळखा

म्हणून काही खुणा लक्षात ठेवा. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडणे अगर सारखे झोपून राहणे. अन्नावरची वासना जाणे. ज्या गोष्टींत आनंद वाटे त्यांत मन न लागणे. विनाकारण चिडणे अगर रडणे. छातीत धडधड आणि भीती. औषध घेण्यास, स्नान करण्यास नकार. आणि 'मी नसतो तर बरे झाले असते' अशा अर्थाचे बोलणे. ज्यास बोलता येत नाही तो हे वागण्यातून दाखवितो. नेहमी शांत असणारे मूल स्वतःस मारून घेऊ लागले तर त्यास हट्टी म्हणून मारू नका. त्यास काहीतरी दुखते आहे, शरीरात अगर मनात.

जीव देण्याची भाषा कोणी केली, तर ती धमकी समजून हसण्यावारी नेऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि सरळ विचारा. विचारल्याने तो विचार त्याच्या मनात नव्याने शिरत नाही. उलट, बोलण्यास वाट मिळते. घरातील कीटकनाशक आणि साठविलेली औषधे त्याच्या हाती लागणार नाहीत असे पाहा. त्यास एकटे सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. १४४१६ या दूरध्वनी क्रमांकावर 'टेलि-मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते. ज्यास ऐकू येत नाही त्याच्याकरिता केवळ दूरध्वनी उपयोगी नाही. त्याच्याबरोबर त्याच्या खुणा समजणारे माणूस प्रत्यक्ष डॉक्टरकडे गेले पाहिजे.

पोलिसांच्या भीतीने आजही लोक अशी गोष्ट लपवितात. ती भीती टाका. आत्महत्येचा प्रयत्न हा पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०९ खाली गुन्हा होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियमाच्या कलम ११५ ने असे ठरविले की, असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरावे आणि त्यास शिक्षा करू नये. त्याची काळजी घेणे, त्याच्यावर उपचार करणे हे शासनाचे कर्तव्य ठरले. १ जुलै २०२४ पासून ती जुनी दंड संहिता गेली, आणि तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३०९ त्या स्वरूपात घेतलेले नाही.

आणि कृपा करून भगताकडे, मांत्रिकाकडे जाऊ नका. भूत उतरविण्याच्या नावाखाली माणसास दोरखंडाने अगर साखळीने बांधणे, मारणे, चटके देणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. मनाच्या आजारी माणसास साखळदंडाने बांधण्यास २०१७ च्या अधिनियमानेही मनाई केली आहे. ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे शासनाची मनोरुग्णालये आहेत. परंतु प्रत्येक आजारी माणसास तेथे ठेवावे लागते असे नाही. बहुतेकांचा उपचार जिल्हा इस्पितळातून घरी राहूनच होतो.

हक्क काय आहेत?

आता माझ्या धंद्याचा भाग सांगतो. अपंगाचे मन सावरण्यात कायद्याचा उपयोग कोणता, असे आपण विचाराल. उपयोग आहे. याचकाची जागा आणि हक्कदाराची जागा यांत मनाच्या दृष्टीने महदंतर आहे. भीक मिळाली तरी मान खाली जाते. हक्क मिळाला तर मान वर होते.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ते एकवीस केले. यात दृष्टी, श्रवण व चलनवलन यांच्या अपंगत्वाबरोबर मानसिक आजार, स्वमग्नता, सिकलसेल, थॅलेसेमिया, ॲसिडहल्ल्यातून वाचलेली व्यक्ती यांचाही समावेश आहे. किमान चाळीस टक्के अपंगत्वाचा दाखला असल्यास शासकीय नोकऱ्यांत चार टक्के आणि उच्च शिक्षणाच्या शासकीय व अनुदानित संस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत. सहा ते अठरा वर्षांपर्यंतच्या अशा मुलास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शासकीय सेवेत असताना ज्यास अपंगत्व आले, त्यास त्या कारणाने काढून टाकता येत नाही. पूर्वीचे काम जमत नसेल तर त्याच वेतनावर त्यास दुसरे काम द्यावे लागते. दीक्षा घेतलेल्या कुटुंबांनी हेही ध्यानात ठेवावे की, या हक्कांस जातीचा दाखला लागत नाही आणि धर्म विचारला जात नाही. दुसऱ्या कागदपत्रांचा घोळ चालू आहे म्हणून अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज अडवून ठेवू नका.

या अधिनियमाच्या कलम ९२ कडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी अपंग व्यक्तीचा हिणवण्याच्या हेतूने जाणूनबुजून अपमान करणे हा गुन्हा आहे, आणि त्यास सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंत कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे. ही शब्दरचना आपल्या कानांस परिचित वाटेल. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात आपल्या संरक्षणाकरिता जी भाषा वापरली, तीच येथे अपंगांकरिता वापरली आहे. याचा अर्थ असा की, अपंगास चारचौघांत हिणवणे आणि दलितास चारचौघांत हिणवणे या एकाच जातीच्या गोष्टी आहेत, हे विधिमंडळास पटले. आपणास ते सर्वांआधी पटावयास हवे.

न्यायालयांनीही ही वाट रुंद केली आहे. फेब्रुवारी २०१२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष या बाई परिषदेकरिता कोलकात्याहून गोव्यास निघाल्या असता त्यांना विमानातून उतरविण्यात आले. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली त्यांना दहा लाख रुपये नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला. त्यांचे हाड मोडले नव्हते. प्रतिष्ठा मोडली होती, आणि न्यायालयाने तिची किंमत ओळखली. एप्रिल २०२१ मध्ये पाटण जमाल वली यांच्या खटल्यात, अनुसूचित जातीतील एका जन्मांध मुलीवरील अत्याचाराचा विचार करताना, त्याच न्यायालयाने म्हटले की, जात, स्त्रीत्व आणि अपंगत्व ही एकत्र आली म्हणजे अन्याय निराळेच रूप घेतो, आणि अपंग स्त्रीची साक्ष केवळ अपंगत्वामुळे दुबळी समजता येणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये रविंदर कुमार धारिवाल यांच्या प्रकरणात न्यायालयाने असे ठरविले की, मानसिक अपंगत्वाशी संबंधित वर्तनाबद्दल कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई करणे हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरतो.

विवाहाविषयी एक शब्द. हिंदू विवाह अधिनियम, १९५५ बौद्धांनाही लागू आहे. त्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. ते २०१९ साली काढून टाकण्यात आले. मानसिक विकार हे कारण अद्याप आहे. परंतु नुसते रोगाचे नाव पुरत नाही, तो किती तीव्र आहे हे सिद्ध करावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ सालीच सांगितले आहे. सबब, सून गोळ्या घेते म्हणून तिला माहेरी धाडणाऱ्यांनी कायदा आपल्या बाजूस आहे असे समजू नये. आणि अशा स्त्रीने वकिलाच्या खर्चास भिऊ नये. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि अपंग यांना १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात त्याची कचेरी आहे.

सांभाळणारी माणसे

अपंगाच्या शेजारी आणखी एक माणूस खचत असते, ते म्हणजे त्यास सांभाळणारे. बहुतेक ठिकाणी ती आई असते, बहीण असते, पत्नी असते. तिची झोप, तिची मजुरी, तिचे माहेरी जाणे, सारे त्या खाटेपाशी बांधलेले असते. ती थकली असे बोलली की, लोक तिला निर्दय म्हणतात. तिच्याही मनाचा विचार झाला पाहिजे. घरातील पुरुषांनी आठवड्याचे काही दिवस ते काम आपल्या हाती घेतले, तर ती मदत नव्हे. तो त्यांचा वाटा आहे.

विनयपिटकात एक कथा आहे. अतिसाराने आजारी असलेला एक भिक्षू आपल्याच घाणीत पडलेला भगवंतांस दिसला. त्याच्याकडे कोणी पाहत नव्हते. कारण विचारता, तो इतर भिक्षूंच्या काही उपयोगी पडत नाही म्हणून इतर त्याची शुश्रूषा करीत नाहीत, असे उत्तर मिळाले. भगवंतांनी पाणी ओतले, आनंदाने त्यास धुतले आणि दोघांनी त्यास उचलून खाटेवर निजविले. मग भिक्षूंस बोलावून त्यांनी समज दिली की, तुम्हांस येथे आईबाप नाहीत. तुम्हीच एकमेकांची शुश्रूषा केली नाही तर कोण करणार? माणसाची किंमत त्याच्या उपयोगावर ठरवावयाची नाही, हा या कथेचा मला कळलेला अर्थ आहे. आणि हे काम भगवंतांनी स्वतःच्या हातांनी केले, आईबहिणीवर सोपविले नाही, हेही आपण पाहावे.

आधार घेण्यातही हीनता नाही. अखेरच्या वर्षांत बाबासाहेबांचे शरीर मधुमेहाने जर्जर झाले होते, पाय साथ देत नव्हते, दृष्टी मंदावली होती. १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरला ते हाती काठी घेऊन, दुसऱ्याच्या खांद्याच्या आधाराने उभे राहिले. त्या आधारामुळे त्यांची उंची तसूभरही कमी झाली, असे तेथे जमलेल्या लाखोंपैकी कोणास वाटले असेल काय? मग आपल्या मुलास काठी घेण्याची, मुलीस श्रवणयंत्र लावण्याची लाज आपण का वाटू देतो?

आज काय करावयाचे?

व्याख्यान ऐकून घरी गेल्यावर काय करावयाचे ते सांगून मी संपवितो.

पहिली गोष्ट घरातील. आज रात्री आपल्या घरातील अपंग माणसाजवळ बसा आणि त्यास विचारा की, तुला कशाचा त्रास होतो आणि आम्ही काय बदलावे. त्याचे उत्तर त्याच्याच तोंडून अगर खुणांतून ऐका. मध्ये बोलू नका. त्याचे व्यंगाचे नाव बंद करून त्याच्या नावाने हाक मारा. जेवावयास त्यास सर्वांबरोबर बसवा. त्यास झेपेल असे एक काम आणि त्याचा म्हणून थोडा पैसा त्याच्या हाती असू द्या.

दुसरी गोष्ट कागदाची. ज्यांच्यापाशी दाखला नाही त्यांची यादी वस्तीतील तरुणांनी करावी आणि एकेकट्याने खेपा घालण्याऐवजी पाच-दहा जणांना एकत्र जिल्हा इस्पितळात न्यावे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज त्याच वेळी भरावा. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम अपंगांवर खर्च करावयाची असते. ती कोठे खर्च झाली, हे ग्रामसभेत उभे राहून विचारावे. हा प्रश्न अपंग माणसानेच विचारावा, आणि आपण त्याच्या शेजारी उभे राहावे.

तिसरी गोष्ट या विहाराची. या दालनात येण्यास पायऱ्या आहेत आणि उतार नाही. वर्गणी काढून मूर्तीपुढील फरशी आपण चकचकीत केली. त्याच्या निम्म्या खर्चात उतार होईल. पुढील पौर्णिमेच्या आत तो बांधावा, अशी मी कमिटीस जाहीर विनंती करतो आणि माझी वर्गणी आज येथेच अध्यक्षांच्या हाती देतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्याकरिता वंदना व प्रवचनाचा सारांश फळ्यावर लिहावा. ज्यांच्या मनास आजार आहे त्यांना 'गडबड करील' म्हणून दाराबाहेर ठेवू नये.

दाराबाहेर ठेवले जाणे म्हणजे काय, हे आपणास कोणी शिकवावयास नको. ज्या दिवशी घरी राहिलेली ती माणसे आपल्या इच्छेने, आपल्या खुर्चीवरून, आपल्या काठीच्या आधाराने या दालनात येऊन आपल्याशेजारी बसतील, त्या दिवशी त्यांच्या मनावरचा पुष्कळसा भार कोणत्याही औषधावाचून उतरलेला आपणास दिसेल. उरलेल्या भाराकरिता डॉक्टर आहेत, आणि हक्कांच्या आड कोणी आला तर आम्ही वकील आहोत.



जय भीम. नमो बुद्धाय.